जमीन गेलेल्या माणसाचा मूकपट

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या उपबाजारात कांद्याची ट्रॉली लिलावाला लागते, तेव्हा ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं आपोआप कमी होतं. व्यापारी वरचे दोन-चार कांदे उचलतो, हातात फिरवतो, पत्ती निघते का, गोल्टी किती आहे, ओल आहे का ते पाहतो. बोली सुरू होते आणि मिनिटभरात संपतेही. चार महिने शेतात आणि त्यानंतर कांदाचाळीत सांभाळलेल्या मालाचा निकाल एवढ्यात लागतो. मग काटा, मग हिशोबपट्टी. त्या चिठ्ठीवरचा शेवटचा आकडा घरी पोहोचण्याआधीच सोसायटीचा हप्ता, औषधाच्या दुकानाची उधारी आणि कुणाकडून तरी हातउसने घेतलेले पैसे यांत वाटला गेलेला असतो. निफाड तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा या बाजारातला भाव कसा घसरला, हेही इथल्या शाळकरी मुलाला ठाऊक आहे.

याच माणसाची गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात पडद्यावर आली होती. चित्रपट मुका होता. त्याचं नाव ‘सावकारी पाश’. साल १९२५. दिग्दर्शक बाबूराव पेंटर.

गोष्ट अगदी साधी. एक तरुण शेतकरी, त्याची जमीन, आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला सावकार. खोट्या कागदपत्रांच्या जोरावर सावकार जमीन गिळतो. शेतकरी गाव सोडतो, शहरात जातो आणि गिरणीत मजुरी करू लागतो. यात देव नाही, राक्षस नाही, तलवार नाही, चमत्कार तर नाहीच. कथा नारायण हरी आपटे यांची होती, ज्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर पुढे ‘कुंकू’ हा चित्रपट निघाला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत चोविशीतही न पोहोचलेला व्ही. शांताराम नावाचा नट होता. स्त्री भूमिकेत कमलादेवी होत्या. इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकांसाठी ‘इंडियन शायलॉक’ असंही नाव दिलं गेलं. शेक्सपिअरच्या नाटकातला तो पौंडभर मांस मागणारा सावकार शहरातल्या शिकलेल्यांना माहीत होता.

चित्रपट चालला नाही. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्याचा उल्लेख मोठ्या आदराने होतो, वास्तवाला भिडणारा पहिला महत्त्वाचा भारतीय चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, पण तिकिटाच्या खिडकीवर त्याला माणसं मिळाली नाहीत. यावर नेहमी एकच उत्तर दिलं जातं. पुराणकथा आणि इतिहासकथा पाहायला सरावलेला प्रेक्षक एवढं वास्तव पचवायला तयार नव्हता, असं ते उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं शोधायचं तर चित्रपटगृहातून बाहेर पडून गावाकडे यावं लागतं.

त्याआधी बाबूराव पेंटर समजून घ्यायला हवेत. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९०. चित्रकलेची पदवी नाही, शाळेचं शिक्षणही बेताचं. घरात सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, सगळंच चालायचं. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, त्यातून ‘पेंटर’ हे नाव चिकटलं आणि आडनावासारखंच झालं. पडदे रंगवता रंगवता दोघांना सिनेमाचं वेड लागलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला होता, आणि एका मराठी माणसाने हे केलं म्हणजे दुसऱ्यालाही करता येईल, ही उमेद महाराष्ट्रभर पसरली होती. परदेशी कॅमेरा विकत घेणं या भावांच्या आवाक्यातलं नव्हतं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले या हरहुन्नरी शिष्याला हाताशी धरून त्यांनी कोल्हापुरातच स्वतःचा कॅमेरा तयार केला. चाकं, दाते, फिल्म पुढे सरकवणारा खटका, सगळं घडवून. तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा घातला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात लागला. त्यात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग पाहताना काही प्रेक्षकांना भोवळ आल्याचं सांगतात. पुढे तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. विंचूरकरांना इथे एक जवळचा धागा सापडेल. टिळक ज्या विंचूरकर वाड्यात अनेक वर्षं राहिले, जिथे त्यांनी कायद्याचे वर्ग घेतले आणि सार्वजनिक गणपती बसवला, तो पुण्याच्या सदाशिव पेठेतला वाडा विंचूरच्याच सरदार घराण्याचा.

बाबूरावांचं मोठेपण चित्रकाराच्या नजरेत होतं. इतर कंपन्या रंगवलेल्या पडद्यापुढे नट उभे करत असताना त्यांनी भिंती, खांब, पायऱ्या खरोखर उभ्या केल्या. प्रसंग चित्रित करण्याआधी ते त्याची रेखाटनं काढत. ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीचे प्रसंग घेतले, तेही १९२३ साली. जाहिरातीची भित्तिचित्रं स्वतः रंगवत. १९२४ च्या वेंब्ली प्रदर्शनात त्यांच्या ‘कल्याण खजिना’ला पदक मिळालं. म्हणजे ‘सावकारी पाश’ हातात घेतला तेव्हा ते यशाच्या शिखरावर होते. तानाजी, शिवाजी, पांडव यांवर गर्दी खेचता येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांनी एका कर्जबाजारी कुणब्याला पडद्याच्या मध्यभागी आणलं. तो धंद्यातला हिशेब नव्हता. हा माणूस चित्राचा विषय आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी ते चित्र काढलं.

आता ती जमीन, आणि ते कागद.

‘सावकारी पाश’मधल्या सावकाराचं हत्यार बंदूक नव्हे, कागद आहे. हे दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेलं नाही. दख्खनच्या शेतकऱ्याला ते आजोबा-पणजोबांपासून माहीत होतं. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही कथा वारकऱ्यांच्या घराघरांत सांगितली जाते. कागदाचा फास किती जुना आहे ते एवढ्यावरून कळतं. इंग्रजी अमलात तो आणखी आवळला. जुन्या रिवाजात दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही साचलं, तरी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे. इंग्रजांनी न्यायालयं आणली आणि त्यांच्यासोबत लेखी पुराव्याची सत्ता आणली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू असा की व्याजावर व्याज चढत राहू नये. घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार जुनं खत मोडून नवं लिहून घेऊ लागला आणि साचलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून मांडू लागला. दामदुपटीची मोजणी पुन्हा नव्याने सुरू. अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. वाचून दाखवणाराही बहुतेक वेळा सावकाराचाच माणूस.

त्यात अमेरिका आली. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि दख्खन-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. शेतकऱ्यांनी घेतलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तसंच राहिलं. वर सरकारने जमिनीचा सारा वाढवला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी लोक सावकारांच्या दारावर चालून गेले. त्यांनी धान्याकडे किंवा दागिन्यांकडे फारसं पाहिलं नाही. त्यांना हवे होते कागद. वह्या, खतं, गहाणपत्रं बाहेर काढून त्यांची होळी केली. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, लष्कर आणावं लागलं, नऊशेहून अधिक लोकांना अटक झाली.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. न्यायालयाने कर्जखताच्या मागे जाऊन खरा हिशेब तपासावा आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, ही त्यातली महत्त्वाची कलमं. कायदा आधी चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर. नाशिक त्यात नव्हतं. विंचूरवरून येवला ओलांडून पुढे गेलं की कोपरगाव लागतं, ते नगर जिल्ह्यात. म्हणजे कोपरगावच्या कुणब्याला जे संरक्षण त्या वर्षी मिळालं, ते थोड्या कोसांवरच्या विंचूरच्या कुणब्याला मिळालं नाही. पाऊस तोच, पिकं तीच, सावकाराची वहीही तशीच. मधे फक्त जिल्ह्याची हद्द.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो यानंतर, १८८३ साली. तेव्हा १९२५ मध्ये बाबूराव पेंटरांनी मांडलेली गोष्ट नवी नव्हती. पडद्यावर येणं एवढंच नवं होतं.

चित्रपटाचा दुसरा भागही हवेतून आलेला नव्हता. जमीन गेलेला माणूस गिरणीत जातो. त्या काळी मुंबईत ऐंशीच्या आसपास कापड गिरण्या होत्या आणि त्यांत दीड लाखाच्या घरात कामगार. बहुतेक कोकण आणि घाटावरून आलेले. गावाकडे उरलेला जमिनीचा तुकडा आणि चाळीतली खोली अशी दोन टोकं धरून जगणारे. १९२५ सालीच गिरणी मालकांनी मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापायचं ठरवलं आणि सप्टेंबरपासून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. संप डिसेंबरपर्यंत, म्हणजे जवळपास अडीच महिने चालला. अनेक कामगार सरळ गावाकडे परतले. सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केल्यावरच मालकांनी कपात मागे घेतली. पडद्यावर शेतकरी गावातून गिरणीत येत होता, त्याच वर्षी प्रत्यक्षात गिरणीतली माणसं गावाकडे निघाली होती.

त्याच १९२५ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत जमिनीवरचाच एक मूकपट प्रदर्शित झाला. नाव ‘टंबलवीड्स’. नायक विल्यम एस. हार्ट. काउबॉयच्या चित्रपटांना, म्हणजे ज्यांना अमेरिकेत ‘वेस्टर्न’ म्हणतात त्यांना, गंभीर चेहरा देणारा हा नट. तोवर त्याने साठी ओलांडली होती आणि हा त्याचा शेवटचा चित्रपट ठरला. टंबलवीड म्हणजे मुळापासून उखडून वाऱ्यावर गडगडत जाणारं वाळकं झुडूप. कुठेही रुजत नाही, वारा नेईल तिकडे जातं. चित्रपटातला काउबॉय तसा आहे, आणि आता त्याला जमीन घेऊन स्थिर व्हायचंय.

या चित्रपटाच्या मध्यभागी एक खरी घटना आहे. १६ सप्टेंबर १८९३ रोजी अमेरिकी सरकारने ओक्लाहोमामधली साठ लाख एकरांच्या आसपासची चेरोकी पट्टी वसाहतीला खुली केली. नियम असा की ठरलेल्या रेषेवर सगळ्यांनी थांबायचं, भर दुपारी इशारा झाला की धावायचं, जो आधी जाऊन खुंट ठोकेल त्याची जमीन. लाखाहून अधिक माणसं त्या दिवशी रेषेवर उभी होती. ही जमीन आधी चेरोकी या मूळनिवासी लोकांकडून काढून घेतलेली होती, हे इथे विसरता येणार नाही. हार्टच्या चित्रपटात रेषेवर उभ्या घोडागाड्या दिसतात, लोकांचे हात घड्याळांवर, मग तोफेचा बार, आणि एकदम सगळं माळरान धुळीत सुटतं. गाड्या उलटतात, चाकं निखळतात, आणि या गदारोळातून हार्टचा घोडा एकटा पुढे निघतो. मूकपटांच्या जमान्यातल्या उत्तम प्रसंगांत हा आजही गणला जातो.

दोन चित्रपट एकाच वर्षाचे, दोन्ही जमिनीचे. तिकडे माणूस जमीन मिळवायला धावतोय, इकडे माणूस जमीन सोडून चाललाय. तिकडे आधीच्या लोकांकडून गेलेली जमीन पडद्याबाहेर राहते आणि धावणाऱ्याचा आनंद पडदा भरून टाकतो. इकडे पडद्यावर धावण्यासारखं काही नाहीच. वहीत अंगठा उठतो, एवढीच घटना. आणि या घटनेत पडदा भरून टाकण्याची ताकद आहे, असं मानणारा एक चित्रकार कोल्हापुरात होता. मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना हे धाडस जितकं ठसवून सांगायला हवं तितकं सांगितलं जात नाही.

आता लोकांनी ‘सावकारी पाश’ का नाकारला, याकडे पुन्हा वळू. १९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ लागला, तेव्हा पडद्यावर राम येताच लोक चपला काढून हात जोडत. चित्रपटगृहातून निघणाऱ्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीत घालून न्याव्या लागल्याच्या कथा आहेत. फाळके आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. त्यांचे अनेक चित्रपट नाशिकमध्येच तयार झाले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचा मृत्यूही नाशिकलाच झाला. त्यांनी पडद्याला देवळाची प्रतिष्ठा दिली. देवळात गेलेला माणूस आपल्या घरचं कर्ज आठवायला जात नाही, विसरायला जातो. या प्रेक्षकासमोर एकदम त्याचंच घर उभं केलं, तर तो बिचकणारच.

पण हा प्रेक्षक होता कोण, हा खरा प्रश्न. १९२७-२८ मध्ये रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने सिनेमा चौकशी समिती नेमली होती. त्या सुमाराला अख्ख्या देशात चित्रपटगृहं होती जेमतेम तीनशेच्या आसपास, आणि तीही बहुतांशी मोठ्या शहरांत, छावण्यांत, रेल्वेच्या गावांत. या चित्रपटगृहांतही मोठा वाटा परदेशी, विशेषतः अमेरिकी चित्रपटांचा होता. डग्लस फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ आपल्याकडे तुफान चालला. मारामारीच्या, घोडेस्वारीच्या परदेशी मालिकांवर शहरातली पोरं जीव टाकत. सणा-जत्रांना तंबू ठोकून खेळ दाखवणारे फिरते लोक होते, पण त्यांच्या पेटीत देव आणि कसरती असत, कारण त्यांवर हमखास पैसा मिळे.

म्हणजे ज्याची गोष्ट होती, त्याच्यापर्यंत ती पोहोचायला वाटच नव्हती. निफाडच्या किंवा कागलच्या कुणब्याने ‘सावकारी पाश’ पाहिला आणि नाकारला, असं घडलंच नाही. त्याने तो पाहिलाच नाही. पाहिला शहरातल्या माणसाने. त्या माणसाच्या खिशातल्या चार आण्यांवर फेअरबँक्सची उडी, शिवाजी महाराजांचा दरबार आणि श्रीकृष्णाचा रथ अशा तिघांचा दावा होता. यांच्यापुढे एका गरिबाची अंधारी झोपडी टिकणं कठीण. शहरातल्या प्रेक्षकांत गाव सोडून आलेले कितीतरी असतील. दोन-तीन तासांच्या सुट्टीत पुन्हा तीच झोपडी पाहायची त्यांची इच्छा नसेल, तर तो त्यांचा दोष कसा म्हणायचा? ‘प्रेक्षक तयार नव्हता’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा न्याय देण्यात थोडी घाई होते.

मूकपटाची स्वतःचीही एक अडचण होती. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा भाषांत. ज्यांना वाचता येई ते मोठ्याने वाचत, बाकीचे ऐकत. पडद्याखाली पेटी आणि तबला चालू असे. कीचकवधाची किंवा सीताहरणाची गोष्ट पाटीशिवायही सगळ्यांना पाठ होती. कर्जखतातला खोटा आकडा मात्र समजावून सांगावा लागतो. ‘सावकारी पाश’चा सारा डाव कागदावरच्या मजकुरात होता आणि समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना तो वाचता येत नव्हता. पडद्यावर ज्या अडचणीत तो शेतकरी होता, त्याच अडचणीत काही प्रमाणात त्याचा प्रेक्षकही होता.

बाबूराव पुन्हा ऐतिहासिक-पौराणिक चित्रपटांकडे वळले. कंपनीतले तरुण एकेक करून बाहेर पडले. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना सोबत घेऊन १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू केली. पण ‘सावकारी पाश’ बाबूरावांच्या मनातून गेला नव्हता. बोलपट आल्यावर १९३६ साली, कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी तीच कथा पुन्हा घेतली. न चाललेला चित्रपट अकरा वर्षांनी पुन्हा करायला घेणं, हे सहसा कुणी करत नाही. जे.बी.एच. वाडिया हे स्वतः घोडदौडी आणि मारामाऱ्यांच्या चित्रपटांचे निर्माते. त्यांनी लिहून ठेवलंय की मूकपट त्यांना पुसटसा आठवत होता, बाबूरावांचं थोरपण त्यांना बोलपट पाहताना कळलं. त्यातलं एक लांबून घेतलेलं दृश्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. काळोखात बुडालेली एक उदास झोपडी, आणि एका कुत्र्याचं रडणं. बाकी काही नाही.

निफाड-येवला पट्ट्यात कुणाही म्हाताऱ्याला विचारा, रात्री कुत्रं रडलं की घरातली बाई उठून त्याला हाकलते, कारण ते अशुभ. बाबूरावांनी संगीताचा गलका न करता तो एकच आवाज ठेवला. मूकपटात हे शक्य नव्हतं. १९२५ मध्ये झोपडी दाखवता येत होती, तिच्या भोवतीची शांतता ऐकवता येत नव्हती.

गोष्ट पुढेही चालत राहिली. १९५३ मध्ये बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभू महतोचं पासष्ट रुपयांचं कर्ज कागदांच्या खेळात दोनशे पस्तीस रुपये होतं, आणि जमीन वाचवायला तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. तो चित्रपट कान महोत्सवात गौरवला गेला आणि जगभर त्याचं नाव झालं. १९५७ च्या ‘मदर इंडिया’मध्ये सावकार सुखीलालाची लाल वही आली आणि देशभर लोकांनी ती पाहिली. तेव्हा गावोगाव तंबूतले टॉकीज पोहोचले होते, पडद्यावरची माणसं बोलत होती, गात होती. जो शेतकरी १९२५ मध्ये प्रेक्षकांत नव्हता, तो आता मांडी घालून पुढच्या रांगेत बसला होता, आणि त्याने ती गोष्ट डोक्यावर घेतली. मधल्या काळात १९४६ चा मुंबई सावकारी कायदा झाला. आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. सावकाराने तक्रारीआधीच्या पंधरा वर्षांत कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन, चौकशीत ते सिद्ध झालं तर, जिल्हा निबंधक परत देववू शकतो. विकत घेतल्याचं दाखवलेली, पण खरं तर गहाण असलेली जमीन यात येते. म्हणजे २०१४ साली कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोरही १९२५ च्या चित्रपटातला तोच कागद होता.

हार्टच्या चित्रपटालाही सुखाचं आयुष्य लाभलं नाही. वितरकांनी तो नीट लावलाच नाही, अशी हार्टची तक्रार होती आणि त्याने त्यांच्यावर दावा लावला. १९३९ मध्ये ‘टंबलवीड्स’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा सुरुवातीला काही मिनिटांचं निवेदन जोडलं होतं. पंचाहत्तरीला टेकलेला हार्ट आपल्या माळरानावर उभा राहून, भरल्या गळ्याने, प्रेक्षकांचा निरोप घेतो. पडद्यावर त्याचा आवाज लोकांनी तेव्हाच ऐकला. हा चित्रपट, त्या निवेदनासह, आजही पाहता येतो. शंभर वर्षांपूर्वीची ती धूळ, ते घोडे, घड्याळांवरचे ते हात, सगळं जागेवर आहे.

‘सावकारी पाश’चा मूकपट मात्र हरवला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. चटकन पेट घेणारी, उष्ण-दमट हवेत चिकट होऊन विरघळणारी. जुन्या रिळांतली चांदी काढून विकणाऱ्यांनी उरलंसुरलं संपवलं. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर त्यांतले बहुतेक गेलेले होते. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही भाग वाचले. बाबूरावांच्या कॅमेऱ्यातून उतरलेला कृष्ण त्यामुळे आज दिसतो, सावित्रीही दिसते. तरुण शांताराम ज्या कुणब्याच्या वेषात शेत सोडून गिरणीच्या वाटेला लागला, त्याची एक फूट फिल्मही शिल्लक नाही.